वेतोबाच्या वाहणा आणि पोराचा पासवर्ड

पाचवी-सहावीतल्या पोरासाठी घरात कॉम्प्युटर घ्यायचा म्हटलं की कुडाळातला पालकही हल्ली दुकानदाराला विचारतो, ह्याला लॉक बसवून मिळेल का? मिळतं. विंडोजमध्ये मुलाचं वेगळं खातं काढायचं, ॲडमिनचा पासवर्ड आपल्याकडे ठेवायचा, रोजचे तास ठरवायचे, नको त्या साइट बंद करायच्या. घड्याळ मागे सरकवून वेळ वाढवायची पोरांची युक्तीही मग चालत नाही, कारण घड्याळाला हात लावायला तोच पासवर्ड लागतो. वर आठवडाभराचा अहवाल पालकाच्या ई-मेलवर येऊन पडतो.

काम थोडक्या वेळाचं. प्रश्न मात्र जुनाच आहे: वाईट वागण्याची सोयच काढून घेतली, तर उरलेल्या वागण्याला चांगलं म्हणायचं का?

गीतेचा तिसरा अध्याय यावर कठोर आहे. इंद्रियं आवरून मनाने विषयांत चरणाऱ्याला तो मिथ्याचारी म्हणतो. पण त्याच अध्यायाच्या शेवटाकडे अर्जुनाला सांगितलंय, आधी इंद्रियं ताब्यात घे. म्हणजे बाहेरचा आवर पुरेसा नाही, तरी सुरुवात तिथून होऊ शकते. विनोबांनी १९३२ साली गीतेवरची प्रवचनं दिली ती धुळ्याच्या तुरुंगात. साने गुरुजींनी ती टिपून घेतली. श्रोते कैदी होते. बाहेरून कुलूप पडलेल्यांशीही आतल्या निग्रहाबद्दल बोलण्यासारखं बरंच होतं.

मग कुलूप लावणारा कसा असावा? याचं उत्तर सिंधुदुर्गाला ग्रंथाबाहेरही सापडतं. वेंगुर्ल्याहून शिरोड्याकडे जाताना आरवली लागते. तिथला वेतोबा रात्री गावाची राखण करत फिरतो अशी श्रद्धा आहे, म्हणून भाविक त्याला चामड्याच्या भल्यामोठ्या वाहणा वाहतात. फिरून फिरून त्या झिजतात, असं सांगतात. हा राखणदार लपलेला नाही. तो फिरतो हे गावाला ठाऊक असतं आणि राखणीपायी झिजतात त्या त्याच्याच वाहणा.

मुलाच्या नकळत हेरगिरीचं ॲप टाकून स्वतः रात्री उशिरापर्यंत रील पाहत पडलेल्या बापाचं काय झिजतं?

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२च्या स्वातंत्र्यदिनापासून वेगळी वाट धरली. संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास टीव्ही, मोबाइल बंद. मुलांनी अभ्यास करायचा. बंदी मोठ्यांनाही लागू, म्हणूनच तिला वजन आहे. नुसत्या पोरांसाठी भोंगा वाजला असता तर तो किती दिवस टिकला असता, शंकाच आहे.

गंमत म्हणजे २०२३चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा अठरा वर्षांखालच्या मुलांच्या वागण्यावर पाळत ठेवायला कंपन्यांना मनाई करतो, सरकार सूट देईल तेवढी वगळून. घरातल्या पाळतीला तो लागू होत नाही. तिथे न्याय आईबापांनीच करायचा.

आणि तो एकदाच करून भागत नाही. दहा वर्षांच्या मुलासाठी साइट बंद करणं सोपं आहे. आठवड्याचा अहवाल त्याला शेजारी बसवून उघडताही येतो. पंधरा वर्षांची मुलगी स्वतःच्या शरीराबद्दलचा, घरात विचारता न येणारा प्रश्न टाइप करते, तेव्हा तीच यंत्रणा तो प्रश्न बापाच्या ई-मेलवर नेऊन ठेवू शकते. निदान त्या वयाला तरी अहवाल बंद करावा, आणि बंद केल्याचं तिला सांगावं.