‘छान आलाय’ म्हणून मोकळं होणं



आजचा श्लोक गीतेच्या सतराव्या अध्यायातला पंधरावा, वाणीच्या तपाचा. भगवंत थोडक्यात सांगतात ते असं : बोलण्याने समोरच्याचं मन पोळू नये, ते खरं असावं, प्रिय वाटावं आणि त्याच्या हिताचंही असावं. शिवाय जोडीला स्वाध्याय. वाचायला किती सोपं! शाळेत असताना पाठांतराच्या स्पर्धेत मी हा श्लोक घडाघडा म्हटला होता. पण त्यात अडचण कुठे आहे हे कळायला गेल्या जुलैतला एक फोटो लागला.

भिसेगावात आम्ही सहा जण आहोत, फोटोचं वेड असलेले. पोटापाण्यासाठी कोणीच फोटो काढत नाही. एक जण बँकेत, एक ताई शिक्षिका, दोघं रोज लोकलने ठाण्या-मुंबईला जाणारे. रविवारी पहाटे बाहेर पडायचं, उल्हास नदीच्या काठाने, कधी कोंढाण्याच्या लेण्यांकडे, कधी भाताच्या खाचरांकडे. परत येताना वडापाव, आणि मग कुणाच्या तरी ओट्यावर बसून प्रत्येकाने आपला एकच फोटो सगळ्यांना दाखवायचा. नियम एवढाच की ‘छान’ किंवा ‘भारी’ म्हणून थांबायचं नाही, पुढे काहीतरी बोलायचं.

हौशी माणसांनी असं एकमेकांचं काम बघणं हे काही आजचं खूळ नव्हे. १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे निघाली, आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे धाकटे भाऊ डॉ. नारायण दाजी तिच्या मंडळावर होते. शिक्षणाने डॉक्टर, आणि कॅमेऱ्याचं वेड. त्या काळात एक फोटो काढायला काय खटाटोप लागत असेल! तो करून आणलेल्या चित्राला कुणी ‘हे जमलं नाही’ म्हटल्यावर काय वाटत असेल, याचा मी कधीकधी विचार करतो. आम्हाला तर बोट दाबलं की दहा फोटो मिळतात, तरी एकाला नाव ठेवलं की तोंड पडतं.

माझंच सांगतो. मागच्या हिवाळ्यात मी नदीवरच्या धुक्याचा एक फोटो आणला होता. रंग जरा वाढवलेले, कडा गडद केलेल्या. माझ्या मते तो वर्षातला सर्वात चांगला फोटो होता. ताई बराच वेळ बघत बसल्या आणि म्हणाल्या, “दादा, यात नदीपेक्षा तुम्हीच जास्त दिसताय.” सगळे हसले, मीही हसलो. पण घरी येऊन दोन दिवस मनातल्या मनात ताईंचे जुने फोटो काढून त्यातल्या चुका मोजत होतो. म्हणजे बघा, त्यांचं बोलणं खरं होतं, हिताचं होतं, आवाजात कडवटपणा नव्हता, तरी मला उद्वेग झालाच. मग दोष वाणीचा की कानाचा? श्लोकात बोलणाऱ्याच्या तपाबद्दल सांगितलंय, ऐकणाऱ्याबद्दल वेगळं काही नाही. पण स्वाध्याय त्याच श्लोकात येऊन बसलाय, तो उगीच नसावा असं मला वाटायला लागलंय. तिसऱ्या दिवशी तो फोटो पुन्हा उघडला, तेव्हा धुकं कुठेच दिसेना. दिसत होती फक्त माझी हौस.

आता जुलैतली गोष्ट. आमच्यातला सगळ्यात लहान, जेमतेम वीस वर्षांचा, लावणीच्या दिवसांत जवळच्या एका कातकरी वाडीवर गेला होता. त्याने आणलेला फोटो बघून आम्ही सगळे गप्पच झालो. पावसाच्या तिरक्या रेघा, मागे डोंगर, पुढे डोक्यावर प्लॅस्टिकच्या कागदाची खोळ घेतलेली म्हातारी, हातात रोपांची जुडी. तिचा दुसरा हात चेहऱ्याच्या अर्ध्यावर आलेला, बोटं पसरलेली, आणि बोटांच्या फटीतून एक डोळा थेट आपल्याकडे बघणारा. फोटो म्हणून विचाराल तर अप्रतिम.

तो हात ‘नको’ म्हणत होता. मला ते पहिल्या क्षणी दिसलं.

आणि मी काय बोललो? म्हणालो, “मस्तच आलाय रे. फक्त क्षितिज जरा डावीकडे कललंय, ते सरळ कर. आणि आकाश थोडं फटक झालंय.” दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या, हिताच्या होत्या, आणि त्यालाही प्रियच वाटल्या, कारण त्या पाच मिनिटांत दुरुस्त होण्यासारख्या होत्या. श्लोकातली सगळी खूण जुळली, नाही का? एक तर सगळे इतके खूश होते, त्यात मी विरजण कशाला घालू, असं मला वाटलं. शिवाय पोरगा नवीन, हिरमुसला तर यायचा बंद होईल. ही कारणं मी तेव्हा स्वतःला फार दयाळू आवाजात सांगितली होती.

आपल्याकडे एक सुभाषित सगळ्यांना पाठ असतं : सत्य बोलावं, प्रिय बोलावं, अप्रिय सत्य बोलू नये. आमच्यासारख्या भिडस्तांना ते फार सोयीचं. त्यातच पुढे प्रिय असं खोटंही बोलू नये असं म्हटलंय, पण तेवढं आपण खाली पडू देतो. गीतेचा श्लोक अप्रिय वाटेल तिथे गप्प बसा असं सांगत नाही. प्रिय आणि हित हे तिथे एकाच समासात बांधलेत, सुटे नाहीत. माऊलींनी या श्लोकावर परिसाचा दृष्टांत दिलाय : परीस लोखंडाला न तोडता, त्याचं वजनही कमी न करता त्याचं सोनं करतो. मी तर लोखंडाला हातच लावला नव्हता, नुसतं वरून पुसलं होतं.

पुढचं थोडक्यात. फोटो एका स्पर्धेत गेला, त्याला बक्षीस मिळालं. पोराने मोठी प्रत काढली आणि मोठ्या प्रेमाने त्या आजींना द्यायला वाडीवर गेला. आजींनी फोटो हातात घेतला, पाहिला, आणि उलटा करून मांडीवर ठेवला. काही बोलल्या नाहीत. त्याला चहा दिला.

संध्याकाळी तो माझ्याकडे आला. म्हणाला, “दादा, तुला तेव्हा दिसलं होतं ना?”

“दिसलं होतं.”

“मग बोलला का नाहीस? क्षितिजाचं कशाला बोललास?”

याला उत्तर नव्हतं. अजूनही नाही. तो रडला नाही की चिडला नाही, नुसता विचारत होता, आणि तेच जास्त लागलं.

त्या रात्री मला मारीच आठवला. रावणाला त्याने स्पष्ट सांगितलं होतं की गोड बोलणारे नेहमीच सापडतात, पण कडू आणि हिताचं बोलणारा दुर्मिळ, आणि ते ऐकणाराही तितकाच दुर्मिळ. एवढं शहाणपण सांगूनही मरणाच्या भीतीने अखेर तोच सोन्याचं हरिण झाला. त्याच्यासमोर रावण तरी होता. माझ्यासमोर वीस वर्षांचं पोर होतं आणि हातात वडापाव. भीती कसली होती मला? लोकांना नावडता होण्याची, एवढीच.

कोंढाण्याच्या लेण्यांत, चैत्याजवळच्या एका भग्न मूर्तीपाशी ब्राह्मी लिपीत एक छोटा लेख आहे. साधारण दोन हजार वर्षांपूर्वीचा. कान्ह याचा शिष्य बालक याने हे केलं, एवढाच त्याचा अर्थ. शिष्यासाठी तिथे अंतेवासी असा शब्द आहे, म्हणजे जवळ राहणारा. आम्ही तिथे कितीदा गेलो, त्या कमानीवर पडणाऱ्या उजेडाचे शेकडो फोटो काढले, पण त्या शब्दाकडे मी कधी नीट पाहिलं नव्हतं. त्या बालकाला कुणीतरी, बहुधा त्या कान्हानेच, ‘ही रेघ चुकली’ म्हणून सांगितलं असणार, आणि ते इतक्या जवळून की त्याने दगडावर स्वतःच्या नावाआधी त्याचं नाव कोरलं. दगडात चूक झाली तर पुसता येत नाही, त्यामुळे तिथे ‘छान आलाय’ म्हणून मोकळं होणं परवडलंच नसतं.

आम्हा कर्जतकरांना तर हे रोज डोळ्यांसमोर आहे. घाट चढायचा म्हणून गाडीला इथे मागून बँकर इंजिन लावतात. ३७ फुटांना एक फूट असा तो चढ. बँकर पुढे जाऊन शिट्ट्या मारत नाही, मागून टेकून ढकलतो. पण टेकावं लागतंच. दोन हात लांब उभं राहून शुभेच्छा दिल्याने गाडी खंडाळ्याला पोचत नाही.

त्या पोराने तो फोटो पुन्हा कुठे लावला नाही. बक्षिसाचं काय केलं ते मी विचारलं नाही, त्यानेही सांगितलं नाही. वाडीवर तो अधूनमधून जातो, बहुतेक वेळा कॅमेऱ्याशिवाय.

गणपतीनंतरच्या रविवारी त्याने नवा फोटो आधी माझ्यासमोर धरला. नदीवरचं विसर्जन, डोक्यावर मूर्ती घेतलेला माणूस कमरेइतक्या पाण्यात. मी खूप वेळ पाहिलं. मग म्हटलं, “काठावर एक मुलगी रडतेय, तिला तू अर्धी कापलीयस. ती पूर्ण हवी होती.”

“आणि?”

“आणि काही नाही. एवढंच.”

“नक्की?”

“नक्की.”

त्याने माझ्याकडे जरा वेळ बघितलं आणि फोन पुढे ताईंकडे दिला.

उद्या सोळावा श्लोक, मनाच्या तपाचा. राम कृष्ण हरी.