देवाचं लाकूड

गुरुग्राममध्ये राहणाऱ्या एका मराठी अभियंत्याकडे एक जाड वही होती. कोकणातला रेवस ते रेडी हा सागरी मार्ग त्यानं तिच्यात चढ-उतारांसकट उतरवून काढला होता. आगरदांड्याहून दिघीला जाणारी फेरीबोट, बागमांडल्याहून वेशवीला नेणारी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड, सगळ्यांच्या वेळा त्यात होत्या. कुठल्या घाटीत सावली आहे, कुठल्या तिठ्यावर सकाळी सातला चहा मिळतो, कुठल्या उतारावर खडी पसरलेली असते, हेही होतं. दर हिवाळ्यात तो आठवडाभराची रजा काढून सायकलीवर सामान बांधून हा रस्ता थोडाथोडा पुरा करत असे.

नकाशावर हा रस्ता समुद्रकाठचा, म्हणून सपाट वाटतो. सायकलवाल्याला त्याचं खरं रूप पहिल्याच दिवशी कळतं. सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री या नद्या जांभ्याचा सडा कापत समुद्राला मिळतात. त्यामुळे रस्ता सड्यावरून खाडीत उतरतो, बोटीनं पाणी ओलांडतो आणि पलीकडे लगेच चढायला लागतो. सडा संपेपर्यंत पुढची खाडी आलेली असते. एकेकटा चढ मोठा नाही, पण दिवसभरात असे पाच-सहा झाले की मांड्या बोलू लागतात.

त्या चढांसाठी पाय तयार करायचे म्हणून तो दर रविवारी उजाडायच्या आत गुरुग्राम-फरीदाबाद रस्त्यावर निघायचा. ग्वाल पहाडी, बंधवाडी, मांगर पोलीस चौकी आणि परत. आजूबाजूला अरवलीच्या टेकड्या, विलायती कीकरची काटेरी झुडपं आणि बंधवाडीचा कचऱ्याचा डोंगर. तिथून जाताना तो तोंडाला रुमाल बांधायचा आणि खाली मान घालून पॅडल मारायचा. वहीत या सगळ्या रविवारांची नोंद एकाच शब्दाची असे : सराव.

दहावी झाल्यावर त्याची मुलगीही बरोबर येऊ लागली. ती गुरुग्रामलाच जन्मलेली. ती बोलता बोलता ‘आपल्याकडं’ म्हणाली की तो हसून दुरुस्त करायचा, ‘आपल्याकडं म्हणजे कोकणात. इथं आपण नोकरीला आहोत.’ मला हा माणूस फार ओळखीचा वाटतो. दिल्ली, बंगळूर, दुबई, कुठंही जा, आपल्यातला एक तरी असा भेटतोच. तो राहतो एका ठिकाणी आणि जगतो दुसऱ्या ठिकाणी. दोन्हींपैकी एका जागेवर त्यात अन्याय होतो, हे त्याच्या ध्यानातही येत नाही.

त्या जानेवारीत दोघं सायकली खोलून, खोक्यांत बांधून मंगला एक्सप्रेसनं पनवेलला उतरले. अलिबाग, मुरुड, श्रीवर्धन मागे टाकत दाभोळच्या धक्क्यावर आले. वाशिष्ठी ओलांडून धोपाव्याचा चढ चढले, गुहागरला मुक्काम केला आणि दुसऱ्या दिवशी हेदवीच्या दिशेनं निघाले. एका खाडीतून वर येताना मुलीनं चढावरच घाईनं गिअर टाकला. चेन उतरली आणि मागची चक्रं व आरे यांच्या मधल्या फटीत जाऊन रुतली. बोटांनी ओढून निघेना.

जिथं ही अडचण झाली तिथं रस्त्याला लागूनच देवराई होती. बाहेर सडा उन्हानं पांढरा पडलेला, आणि दोन पावलं आत गेलं की गारवा. बेहडा, सातवीण, ऐन, आणि त्यांच्या अंगावर माणसाच्या मांडीएवढी जाड गारंबीची वेल. खाली पानांचा असा थर की पाऊल दबत जाई. मुलीनं तिथली एक वाळकी काटकी उचलली, चेनीखाली घातली, बेतानं दाबली. चेन सुटली. तिनं ती चक्रावर चढवली, पॅडल फिरवून पाहिलं आणि काटकी रस्त्यापलीकडे भिरकावणार, तेवढ्यात वाडीतून येणारे एक आजोबा थांबले.

‘बाय, काम झालं ना? मग होती तिथं ठेव ती.’

‘वाळकी आहे, आजोबा.’

‘वाळकी असली तरी देवाची. इथलं सरपण कुणाच्या चुलीत जात नाही.’

मुलीनं मुकाट्यानं काटकी आत नेऊन ठेवली. आजोबा बांधावर टेकले आणि सांगत राहिले. शिमग्याला देवाची पालखी इथून निघते. झाड पडलं तरी हात लावायच्या आधी देवाला कौल लावतात. खालच्या अंगाला झरा आहे. कोकणात पाऊस धो धो पडतो, पण जांभा पाणी धरत नाही, चैत्र-वैशाखात विहिरी तळ दाखवतात. रानातला पाचोळा मात्र पावसाला वाहून जाऊ देत नाही, सावकाश जिरवतो, म्हणून हा झरा मे महिन्यातही वाडीला पाणी देतो. वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी सत्तरच्या दशकात देवरायांचा अभ्यास करून हीच गोष्ट शास्त्राच्या भाषेत मांडली. वाडीला ती आधीपासून ठाऊक होती.

मग त्यांनी विचारलं, ‘तुम्ही कुठले?’

‘दिल्लीकडे असतो,’ बाप म्हणाला.

‘गुरुग्रामचे,’ मुलगी म्हणाली.

‘तिथं आहे का अशी देवराई?’

‘तिथं कुठली देवराई, आजोबा! उंच इमारती, धूर आणि गाड्या.’

आजोबांना हे पटलं नाही. ‘इमारतींच्या आधी गावं असतील ना तिथं? गाव आहे म्हणजे देव आहे. देव आहे म्हणजे त्याचं रान असेल. कुणाला विचारलंत कधी?’

बापाकडे कोकणातल्या प्रत्येक घाटीचा हिशेब होता, पण या प्रश्नाला उत्तर नव्हतं. जयगडची बोट चुकेल असं सांगून तो उठला. मुलीनं मात्र प्रश्न बरोबर घेतला.

परतल्यावर पहिल्याच रविवारी, नेहमीप्रमाणे मांगर चौकीपाशी सायकली वळवायच्या वेळी, ती चहाच्या टपरीवर थांबली. तिनं टपरीवाल्याला हिंदीत विचारलं, ‘भैया, इथे असं एखादं जंगल आहे का, जिथलं लाकूड कुणी तोडत नाही?’

त्यानं किटली खाली ठेवून गावाच्या दिशेला बोट केलं. ‘बनी है ना. गुदड़िया बाबा की.’

मांगर बनी. ज्या वळणावरून बाप-लेक दर रविवारी माघारी फिरत होते, तिथून पुढं सायकलीवर फार तर थोडा वेळ. त्यांनी सायकली गावात ठेवल्या आणि पायी निघाले. टेकडी ओलांडून खाली नजर टाकली, तर दरीभर एकसारखं रान. कीकरचा काटा नाही. सगळा धौ. थंडीनं पानं तांबूस झालेली, आणि त्यांतून मोर ओरडत होते. शेळ्या घेऊन बाहेरच्या बाहेर निघालेले एक म्हातारे ताऊ भेटले. मुलीनं विचारायच्या आधीच त्यांनी बजावलं, ‘टहनी मत तोड़ना बेटी. यहाँ की तो हम दातुन भी ना तोड़ते.’

मुलीनं बापाकडे पाहिलं. बाप धौच्या खोडाकडे पाहत होता.

ताऊंनी सांगितलेली हकीकत अशी. गुदडिया दास बाबांनी या रानात तप केलं आणि ते इथल्या गुहेतच अंतर्धान पावले, अशी गावची श्रद्धा. मांगर, बंधवाडी आणि बलियावास या गावांनी तेव्हापासून इथं कुऱ्हाड लावली नाही, शेळी चारली नाही. धौ हे झाडही विलक्षण. जिथं जनावरं त्याला सतत खुडतात तिथं ते उभं राहतच नाही, खडकाला चिकटून चटईसारखं आडवं पसरतं. अनोळखी माणसाला ते झुडूप वाटतं. राखलं की तेच झाड मान वर काढतं आणि दरी झाकून टाकतं. रस्त्याकडेच्या उघड्या टेकडीवर आणि बनीत खडक एकच आहे, पाऊसही तोच. फरक आहे तो माणसांनी पाळलेल्या नेमाचा.

आणि हा नेम स्वस्तात पाळला गेलेला नाही. आजूबाजूच्या टेकड्या दगडासाठी फोडल्या गेल्या. अरवलीतल्या खाणकामावर सर्वोच्च न्यायालयानं 2002 मध्ये बंदी घातली, 2009 मध्ये गुडगाव, फरीदाबाद आणि मेवातसाठी ती पुन्हा बजावली, तोवर डोंगरांत खड्डे पडून गेले होते. मांगरची सामाईक जमीन कागदोपत्री वाटण्या होऊन खासगी नावांवर गेली. शेजारी एकेका फुटाला सोन्याचा भाव. तरीही बनी उभी राहिली. गावातली माणसं आणि निसर्गप्रेमी सरकारदरबारी खेटे घालत राहिले, म्हणून ती आणि तिच्याभोवतीचा पट्टा बांधकामापासून राखला गेला. गुरुग्रामनं स्वतःही यातून काही घेतलं. शहरातल्या जुन्या खाणींच्या जागेवर 2010 पासून नागरिकांनी धौसारखी मूळची झाडं लावून अरवली जैवविविधता उद्यान उभं केलं. रोज त्याच्यावरून ऑफिसला जाणाऱ्या आमच्या अभियंत्याला ती एक बाग वाटत होती.

त्या रात्री त्यानं वहीत नवं पान काढलं. ग्वाल पहाडीचा चढ, बंधवाडीनंतरचं वळण, मांगर गावातली सायकल ठेवायची जागा, ताऊंच्या घराची खूण. वरच्या ओळीत ‘सराव’ लिहिणार होता. मुलगी शेजारी उभी होती. तिनं पेन मागून घेतलं आणि तिथं लिहिलं, ‘आपल्याकडचं रान’. बापानं या वेळी दुरुस्ती केली नाही.

कोकणातले आजोबा मागच्या पावसाळ्यात गेले, असं गुहागरहून कळलं. देवराई आहे. बनीही आहे, पण दोन्हीकडे राखणारी माणसं म्हातारी होत चालली आहेत. गुरुग्राममध्ये सायकल चालवणाऱ्या मराठी मंडळींना माझं एवढंच सांगणं आहे, की पुढच्या रविवारी मांगर चौकीवरून माघारी फिरू नका. गावात जा, आधी कुणाला तरी विचारा, सायकल बाहेर ठेवा आणि बनीत पायीच शिरा. मुलं असतील तर त्यांना बरोबर न्या.