चारी दिशांचा शेजार

मराठीत ज्या नात्यांना धर्म हा शब्द जोडला जातो, त्यांत राजधर्म आहे, पुत्रधर्म आहे आणि शेजारधर्मही आहे. यातला शेवटचा मला सर्वांत अवघड वाटतो. पुत्राचे नाते रक्ताचे, राजाचे सत्तेचे. शेजाऱ्याशी आपला संबंध एवढाच, की त्याची भिंत आपल्या भिंतीला लागून आहे. वाटीभर विरजणापासून रात्री-अपरात्री दवाखान्यात नेण्यापर्यंत आपण त्याचे जे काही देणे लागतो, ते तो कोण, कुठला, काय खातो, कुणाला भजतो हे न विचारता लागतो. विचारून मग दिले तर तो व्यवहार झाला. म्हणून एक प्रश्न मला टाळता येत नाही. ज्याने आपले शेजारी जातीवरून आणि पंथावरून आधीच निवडून घेतले आहेत, त्याच्या हातून शेजारधर्म घडतो का? मुंबईच्या उपनगरांपुढे हा प्रश्न शंभर वर्षे उभा आहे, कारण इथल्या टुमदार बंगल्यांच्या कितीतरी वसाहती याच निवडीवर उभ्या राहिल्या. माझे उत्तर असे, की निवडलेल्या माणसांत सोबत मिळते, सुरक्षितता मिळते, गणपतीची वर्गणीही वेळेवर जमते; शेजारधर्माची परीक्षा मात्र तिथे होतच नाही.

या वसाहती दुष्टपणातून जन्मल्या नाहीत, हे आधी मोकळेपणाने मांडले पाहिजे. 1896 मध्ये मुंबईत प्लेग आला आणि दाट वस्तीतल्या चाळींमधले मरण सर्वांना दिसले. 1898 मध्ये शहर सुधारणेसाठी ट्रस्ट स्थापन झाला, रस्ते रुंद होऊ लागले, आणि उजेड-वारा ही पगारदार माणसानेही मागावी अशी गोष्ट झाली. पण जमीन आणि घर एकट्याच्या पगारात बसणारे नव्हते. 1912 च्या सहकार कायद्याने पतपेढीखेरीज इतर कामांसाठीही संस्था नोंदवता येऊ लागल्या. त्याचा पहिला मोठा फायदा श्रीपाद सुब्राव तालमकी यांनी घेतला आणि 1915 साली गावदेवीला सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था उभी केली. 1918 मध्ये वांद्र्याला साष्टीच्या कॅथलिकांची संस्था आली. 1920 मध्ये उपनगर जिल्हा वेगळा झाला. सांताक्रूझ, पार्ले, जोगेश्वरी, बोरिवली अशा लोकलच्या स्थानकांभोवती सारस्वतांची बाग, ख्रिस्ती लोकांची कॉलनी, गुजराती मंडळींची सोसायटी असे पुंजके वाढत गेले. मुलुंडला 1922 साली क्राऊन अँड कार्टर या वास्तुरचनाकारांनी गावाचा आराखडाच आखून दिला. तिथले काटकोनात छेदणारे रस्ते आजही त्या आखणीची साक्ष देतात.

या घरांची बांधणी नीट पाहिली तर तिच्यात दोन इच्छा शेजारी शेजारी नांदताना दिसतात. जुन्या पार्ल्यातला किंवा अंधेरीतला बंगला म्हणजे तळमजला आणि फार तर एक माडी, वर मंगलोरी कौलांचे उतरते छप्पर, पुढे पडवी, पडवीत झोपाळा, मागे विहीर, कुंपणाच्या आत नारळ आणि आंबा. पडवी रस्त्याकडे तोंड करून असे. संध्याकाळी तिथे बसलेला माणूस येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसे, हाक मारता येईल इतका जवळ असे. ही एक इच्छा, जगाला सामोरे जाण्याची. दुसरी इच्छा दगड-विटांत दिसत नाही, ती संस्थेच्या उपविधींत असते: सभासद अमुक समाजाचाच असावा. कुंपण कंबरेइतके, फाटक दिवसभर उघडे, वस्ती मात्र बंद. वास्तू मोकळी आणि नियम आवळलेले, अशी ही रचना आहे. पुढे जुहूला जेव्हीपीडी, म्हणजे जुहू-विलेपार्ले विकास, योजनेत क्रमांकांनी ओळखले जाणारे रुंद रस्ते आणि मोठे भूखंड आले, तेव्हा भिंती उंच झाल्या, पडवी आत गेली आणि फाटकाशी पहारेकरी बसला. त्या योजनेला लागूनच नेहरूनगरची झोपडपट्टी आहे. तिथून धुणीभांड्याला येणारी बाई बंगल्याच्या प्रत्येक खोलीत फिरते, पण तिला कुणी शेजारीण म्हणत नाही. भिंत इतकी जवळ असूनही ती शेजारात मोडत नसेल, तर आपण शेजार हा शब्द अंतरासाठी वापरत नाही, हे तरी कबूल करू या.

अंधेरीच्या पश्चिमेला वेसाव्याच्या किनाऱ्याजवळ सात बंगला आणि चार बंगला ही ठिकाणे आहेत. समुद्राच्या हवेसाठी संस्थानिकांनी आणि धनिकांनी तिथे बंगले बांधले. दादाभाई नौरोजींनी आयुष्याची शेवटची वर्षे वेसाव्याला काढली. शेजारी कोळीवाडा होता, अजून आहे. बंगले बहुतेक गेले, बसच्या पाटीवर आणि रिक्षावाल्याच्या तोंडी त्यांची संख्या उरली. वेदान्ती ज्याला नामरूप म्हणतात, त्यातले रूप जाऊन नाम कसे उरते हे शिकवायला याहून चांगले उदाहरण सापडणार नाही. ज्यांना सर्वांपासून अंतर हवे होते, त्यांच्या जागी आज उंच इमारतींत सर्व प्रांतांचे, सर्व धर्मांचे हजारो लोक राहतात.

निवडलेल्या शेजाराविषयी मी जे म्हणतो, त्यावरचा पहिला आक्षेप वजनदार आहे. लहान समाजाने एकत्र राहू नये का? आपली भाषा, आपले सण, आपली प्रार्थना टिकवायची तर माणसे जवळ लागतात. शिवाय तालमकींच्या काळात सहकार ही नवी कल्पना होती. अनोळखी माणसाच्या भरवशावर कर्ज काढायला कोण तयार झाले असते? सर्वोच्च न्यायालयानेही 2005 साली अहमदाबादच्या झोरोस्ट्रियन सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात हीच बाजू उचलून धरली. सभासदत्व पारशांपुरते ठेवणारा उपविधी संघटना करण्याच्या स्वातंत्र्यात बसतो, मूलभूत हक्क सरकारला बांधतात, खासगी संस्थेला त्याच रीतीने बांधत नाहीत, असा त्या निकालाचा आशय होता. कायद्याचे उत्तर मिळाले. पण कायदा काय करू देतो आणि धर्म काय करायला सांगतो, हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि दुसरा प्रश्न निकालाने सुटत नाही. तालमकींनी परस्परविश्वास हे भांडवल मानले, ते त्या वेळी योग्यच होते. पण विश्वास जमवण्यासाठी घेतलेला जातीचा आधार घर बांधून झाल्यावर, कर्ज फिटल्यावर, तीन पिढ्या गेल्यावरही तसाच ठेवला, तर तो मग कशाचा आधार? परांची बांधकामापुरती असते.

निवडीचा हा हक्क दुसऱ्या बाजूने कसा दिसतो, याचा या देशातला सर्वांत स्पष्ट दाखला डॉ. आंबेडकरांचा आहे. 1917 मध्ये बडोद्याला नोकरीसाठी गेले असताना त्यांना पारशी धर्मशाळेतून बाहेर काढण्यात आले, आणि परदेशातून शिकून आलेल्या त्या तरुणाला गावात छप्पर मिळाले नाही. त्यांना नाकारणाऱ्या प्रत्येकाकडे आपापल्या समाजाचे कारण होते. एकेका दाराचे कारण ऐकताना समजण्यासारखे वाटते. सगळी दारे एकत्र पाहिली की अन्याय दिसतो. पुढे त्यांनी दादरच्या हिंदू कॉलनीत घर बांधले आणि त्याला राजगृह हे नाव दिले. मगधाच्या राजधानीचे ते नाव निवासाच्या प्रश्नाशी फार जवळून जोडलेले आहे. विनयपिटकातल्या चुल्लवग्गात राजगृहाच्या एका श्रेष्ठीची हकीकत येते. भिक्षू झाडाखाली, डोंगरकपारीत राहतात हे पाहून त्याने त्यांच्यासाठी साठ विहार बांधले आणि ते कुणाच्या नावे करावेत असे बुद्धाला विचारले. बुद्धाने ते आलेल्या आणि अजून न आलेल्या, चारी दिशांच्या संघाला द्यायला सांगितले.

अजून न आलेल्या माणसाच्या नावे घर करणे ही कल्पना आपल्या उपनगरातच दगडात कोरलेली आहे. बोरिवलीच्या जंगलात कान्हेरीला शंभराहून अधिक लेणी आहेत. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकापासून पुढे सुमारे हजार वर्षे तिथे वस्ती होती, त्या अर्थी ही उपनगरांतली सर्वांत जुनी आखीव वसाहत. चैत्यगृहातल्या मोठ्या मूर्ती पाहून लोक परततात, पण राहण्याची लेणी पाहण्यासारखी आहेत ती त्यांच्या साधेपणासाठी. कड्यात खोदलेल्या चार-सहा पायऱ्या, लहानसे अंगण, अंगणाच्या कडेला पाण्याचे टाके, ज्याला तिथल्या प्राकृत लेखांत पोढी म्हटले आहे. पुढे खांबांचा ओटा, ओट्याला लागून बसायचा दगडी कट्टा. आत एक दालन, त्याला एखादी जाळीची खिडकी, आणि बाजूला निजायच्या दगडी बाकाची एकच माणूस मावेल अशी खोली. पावसाचे पाणी कड्यावरच्या पन्हळींतून टाक्यात उतरते. स्वतंत्र प्रवेश, स्वतःचे पाणी, स्वतःचा ओटा: बंगल्याचे सर्व गुण इथे आहेत, मालक तेवढा नाही. दानाचे लेख दाराशीच आहेत. कल्याणचा, सोपाऱ्याचा, नाशिकचा दाता आपले नाव, कधी बापाचे, व्यवसायाचे नाव कोरतो, आणि लेणे व पोढी चारी दिशांच्या भिक्षुसंघाला दिल्याचे सांगतो. मागाठाण्याच्या शेताचे उत्पन्नही या वस्तीला लावून दिलेले लेखात आढळते. नवव्या शतकात शिलाहारांच्या काळी गौड देशातल्या, म्हणजे बंगालकडच्या, एका उपासकाने इथे 100 द्रम्म नाण्यांची कायमची ठेव ठेवली. आणि 90 क्रमांकाच्या लेण्यात पहलवी लिपीत झरथुष्ट्री प्रवाशांनी अकराव्या शतकाच्या सुरुवातीला, 1009 आणि 1021 साली, आपली नावे कोरली आहेत. परधर्मी पाहुण्याला आत येता आले, थांबता आले आणि भिंतीवर नाव कोरता आले.

दुसरा आक्षेप इथेच येतो: विहारही सर्वांसाठी नव्हता. तिथे फक्त भिक्षू राहत. विनयाच्या नियमांनी कर्जबाजारी, दास, राजाच्या चाकरीतले सैनिक आणि काही रोगांनी पीडलेले यांना दीक्षा नाकारली होती. कान्हेरीतले काही दान तर भद्रायनीय या एकाच पंथाच्या आचार्यांना दिलेले आहे. हा आक्षेप खरा आहे आणि मी तो पुसून टाकू इच्छित नाही. रोग्याला आणि दासाला नाकारणे हा त्या व्यवस्थेचा दोषच होता. तरी दोन प्रकारच्या दारांत मूळचा फरक आहे. एक दार व्रत घेतल्यावर उघडते, आणि व्रत कोणत्याही कुळातल्या माणसाला घेता येते. दुसरे दार जन्मावर उघडते, आणि जन्म पुन्हा घेता येत नाही. ध्यानासाठी शांतता मागणाऱ्या वस्तीने शांततेचा नियम करावा, अभ्यासिकेने अभ्यासाचा करावा. नियम पाळणारा कुणीही असो. माणूस कोणत्या घरात जन्मला, हा राहण्याचा नियम होऊ शकत नाही. आदि शंकराचार्यांच्या काशीतल्या आख्यायिकेत वाट सोडायला सांगितलेला चांडाळ हेच विचारतो: दूर व्हायचे कुणी, अन्नापासून बनलेल्या या देहाने की चैतन्याने? आचार्यांनी त्याला गुरू मानले, असे परंपरा सांगते. अद्वैत मानणाऱ्याला सोसायटीच्या अर्जावर जातीचा रकाना ठेवायचा असेल, तर आधी या प्रश्नाचे उत्तर द्यावे लागेल. इतर परंपराही याच जागी येतात. माझा शेजारी कोण, या प्रश्नावर येशूने परक्या शोमरोनी माणसाची गोष्ट सांगितली. कुराणात जवळच्या शेजाऱ्याबरोबर परक्या शेजाऱ्याशीही चांगले वागायला सांगितले आहे.

आज सर्वांत जास्त ऐकू येणारा आक्षेप अन्नाचा आहे. घाटकोपर, मुलुंड, बोरिवली इथे घर शोधणाऱ्या मराठी माणसालाही, मासे खाता का, हा प्रश्न नवा नाही. अहिंसा हे थोर व्रत आहे, आणि ते निष्ठेने पाळणाऱ्या कुटुंबाला वासाचा त्रास होतो हेही खोटे नाही. पण व्रत घेणाऱ्याला बांधते. जैन श्रावकाची अणुव्रते त्याच्या हाताला, जिभेला आणि व्यापाराला आवर घालतात. शेजारच्या चुलीचा ताबा ती मागत नाहीत. त्याच अणुव्रतांत परिग्रहाची मर्यादाही आहे, आणि बंद वसाहतीच्या बाबतीत ती अगोदर आठवायला हवी. वास थांबवायला खिडकी आणि धुराडे पुरते. माणूस थांबवला तर हिंसेचाच एक सौम्य प्रकार आपण घराच्या पायात घातला, असे मला वाटते. गृहस्थाला सांगितलेल्या पाच महायज्ञांत मनुष्ययज्ञ आहे, म्हणजे दाराशी आलेल्याला जेवू घालणे. ज्या दाराशी वेगळा माणूस येऊच शकत नाही, त्या घराचा हा यज्ञ कसा व्हावा?

हा सगळा विचार आजच करण्याचे कारण आहे. 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीने शहरातला हस्तांतरणीय विकास हक्क उपनगरांत वापरण्याची वाट खुली केली, आणि पार्ले, मुलुंड, घाटकोपरचे बंगले एकामागून एक पाडले गेले. आता त्यांच्या जागी आलेल्या जुन्या इमारतीही पुनर्विकासाला निघाल्या आहेत. चार कुटुंबांच्या जागी चाळीस येणार, म्हणजे छत्तीस नवे शेजारी येणार. ते कोण असावेत, हे सर्वसाधारण सभेत उघड बोलले जात नाही; दलालाला तोंडी सांगितले जाते. आपल्या कायद्यातही, महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम 23 मध्ये, पात्र माणसाला पुरेशा कारणावाचून सभासदत्व नाकारू नये अशी तरतूद आहे. पुढच्या सभेत उपविधींचा विषय निघेल तेव्हा तुम्ही उभे राहा आणि ते कलम मोठ्याने वाचा, अजून न आलेल्या त्या छत्तीस घरांसाठी.