परिषदेचा पैसा कोणापर्यंत पोहोचतो?

डिसेंबर १९५० मध्ये मुंबईत मूलकणांवर एक आंतरराष्ट्रीय परिषद भरली. यजमान होती टाटा मूलभूत संशोधन संस्था. तिची स्थापना होऊन पाचच वर्षं झाली होती आणि तिचा मुक्काम गेटवे ऑफ इंडियाजवळच्या यॉट क्लबच्या जुन्या इमारतीत होता. संस्था टाटा न्यास आणि सरकार यांच्या पैशावर चालत होती, परिषदेला युनेस्कोने मदत केली होती. देशात तेव्हा धान्याची टंचाई होती. अशा वर्षी डोळ्यांना न दिसणाऱ्या कणांवर बोलायला माणसं बोलवायची आणि त्यासाठी पैसा काढायचा, याला त्या काळीही कुणी उधळपट्टी म्हणू शकलं असतं. मला तो खर्च योग्य वाटतो. आपल्याला लागणारे तज्ज्ञ उद्या परदेशातून आणावे लागू नयेत, ते इथेच तयार असावेत, असं संस्थेचे संस्थापक होमी भाभा यांनी १९४४ मध्येच टाटा न्यासाला लिहिलं होतं. तज्ज्ञ घडायचे तर पुस्तकं आणि उपकरणं लागतातच, पण त्या विषयात बुडालेल्या माणसांना समोरासमोर वाद घालताना ऐकणंही लागतं.

विज्ञान एकट्याने होत नाही, याचा पुरावा प्रकाशशास्त्रातही आहे. रामन यांना कोलकात्यात प्रकाशाच्या विखुरण्यातला नवा परिणाम दिसला तो २८ फेब्रुवारी १९२८ रोजी. त्यानंतर जेमतेम अडीच आठवड्यांनी, १६ मार्चला, ते बंगळुरूत एका विज्ञान संघटनेच्या सभेत उभे राहून त्याबद्दल सविस्तर बोलत होते. त्यांचं प्राध्यापकपद तारकनाथ पालित यांच्या देणगीतून कोलकाता विद्यापीठात निर्माण झालेलं होतं आणि प्रयोगशाळा लोकांच्या वर्गणीतून उभ्या राहिलेल्या संस्थेची होती. देणगीदार, विद्यापीठ, लोकांची संस्था आणि ऐकायला जमलेली सभा, यांतलं एक जरी नसतं तरी ही गोष्ट वेगळी झाली असती.

उलट अनुभव पाकिस्तानी भौतिकशास्त्रज्ञ अब्दुस सलाम यांचा. केंब्रिजहून १९५१ मध्ये ते लाहोरला शिकवायला आले, पण आपल्या विषयावर बोलायलाच तिथे कुणी नव्हतं. १९५४ मध्ये त्यांना देश सोडून परत जावं लागलं. ती सल त्यांनी मनात ठेवली आणि १९६४ मध्ये इटलीत त्रिएस्तला सैद्धांतिक भौतिकीचं आंतरराष्ट्रीय केंद्र सुरू केलं. गरीब देशातल्या संशोधकाने आपल्या देशात राहूनच काम करावं, आणि अधूनमधून काही आठवडे तिथे येऊन ताजंतवानं होऊन परतावं, अशी योजना त्यांनी आखली. इटलीच्या सरकारने आणि संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी त्यासाठी पैसे दिले. प्रकाशशास्त्राची वर्गसत्रं तिथे आजही होतात.

लाहोरमधलं ते एकटेपण ठाणे जिल्ह्यातही आहे, फक्त अंतर कमी आहे. शहापूरला महाविद्यालय आहे, मुरबाड तालुक्यात शिवळ्याला विज्ञान शाखेचंही आहे. दोन्ही तालुके मुंबई विद्यापीठाच्या कक्षेत येतात. पण विद्यापीठाचा भौतिकशास्त्र विभाग कलिन्याला. मुरबाडला रेल्वे नाही. एसटीने कल्याण, तिथून लोकलने कुर्ला, पुढे रिक्षा किंवा बस. शहापूरकराला आधी आसनगाव गाठावं लागतं. एका व्याख्यानासाठी पूर्ण दिवस आणि भाड्याचे पैसे जातात, आणि ज्या घरात भातलावणीला हात कमी पडतात, तिथे तो दिवस सहज मिळत नाही. म्हणून इथला मुलगा न्यूटनची वलयं मोजतो, सोडियम दिव्याच्या पिवळ्या प्रकाशाची तरंगलांबी काढतो, जर्नल पूर्ण करून सही घेतो, आणि पदवी हातात येईपर्यंत प्रकाशावर काम करणारा एकही जिवंत संशोधक त्याने पाहिलेला नसतो.

परिषदांना पैसा मिळत नाही असं नाही. विद्यापीठ अनुदान आयोग, विज्ञान आणि तंत्रज्ञान विभाग, अणुऊर्जा विभागाचं संशोधन मंडळ, अवकाश आणि संरक्षण संशोधनाच्या संस्था, सगळे आपापल्या नियमांनी मदत देत आले आहेत. अर्ज होतात, अनुदान येतं, शेवटी उपयोगिता प्रमाणपत्र जातं. तो पैसा पाहुण्यांच्या प्रवासात, निवासात, जेवणात, मंडपात, पिशव्यांत आणि स्मरणिकेत जातो. यातलं पाहुण्यांचं भाडं मला मुळीच खटकत नाही, परिषदेचा जीव त्यातच असतो. खटकतं ते हे की २०१० मध्ये प्राध्यापकांच्या बढतीसाठी गुण मोजायची पद्धत आली, त्यात परिषदेतल्या निबंधालाही गुण मिळाले, आणि अनेक ठिकाणी परिषद प्रमाणपत्रापुरती उरली. दहा मिनिटांचा निबंध वाचायचा, टाळ्या, पुढचा निबंध. प्रश्नाला वेळ नाही. ज्यासाठी पैसा दिला, ती चर्चाच वगळली जाते.

म्हणून अनुदान देणाऱ्यांनी एकच गोष्ट आधी विचारावी असं मला वाटतं: ज्याला एरवी हे ऐकायला मिळालं नसतं, असा माणूस सभागृहात असणार आहे का, आणि त्याला बोलता येणार आहे का? अनुदानाचा ठरावीक हिस्सा ग्रामीण महाविद्यालयांतल्या विद्यार्थ्यांच्या आणि शिक्षकांच्या एसटी-लोकलसाठी, राहण्यासाठी राखून ठेवला पाहिजे. नोंदणी शुल्क त्यांना माफ असावं. एक सत्र पूर्ण मराठीत हवं. शोधनिबंध इंग्रजीत लिहिले जातील, ते ठीक आहे, पण पहिला प्रश्न विचारण्याचं धाडस माणूस आपल्या भाषेतच करतो.

आणि काही परिषदा शिवळ्याला, शहापूरला भराव्यात. प्रकाशशास्त्र हा विषय त्यासाठी फार सोयीचा आहे. कणत्वरक तालुक्याला आणता येणार नाही, पण स्वस्त लेसर, जुनी सीडी आणि भिंत एवढ्यावर व्यतिकरण आणि विवर्तन दाखवता येतं, लेसरच्या विवर्तनावरून केसाची जाडी मोजता येते. ज्या काचेच्या तंतूतून ग्रामपंचायतीपर्यंत इंटरनेट येतं, त्यात प्रकाश पूर्ण परावर्तनाने कसा पुढे सरकतो, हे त्या पंचायतीसमोरच समजावता येतं. परिषद संपल्यावर मंडप उतरतो. उपकरणं मात्र प्रयोगशाळेत राहावीत, अशी अट अनुदानातच हवी.

हे स्वप्नरंजन नाही. मुरबाडहून माळशेज घाट चढून गेलं की पलीकडे जुन्नर तालुक्यातल्या खोडदला आणि त्याच्या भोवतालच्या परिसरात महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या तीस तबकड्या उभ्या आहेत. तीही टाटा संस्थेच्याच राष्ट्रीय रेडिओ खगोल भौतिकी केंद्राची. तिथे राष्ट्रीय विज्ञान दिनाला प्रदर्शन भरतं, शाळा-कॉलेजांची मुलं आपापले प्रयोग घेऊन येतात आणि जगभरचे संशोधक वापरतात ती यंत्रणा पाहून जातात. शेतांच्या मधोमध सरकारी पैशाने उभं राहिलेलं विज्ञान भोवतालच्या लोकांसाठी दार उघडं ठेवू शकतं, हे तिथे दिसतं. आणि असं काम करणारी माणसंही आहेत. १९८४ मध्ये डी. पी. खंडेलवाल यांच्या पुढाकाराने भौतिकशास्त्राच्या शिक्षकांची देशव्यापी संघटना उभी राहिली. महाविद्यालयीन शिक्षक हे काम अंगावर घेतात, याची मला त्यामुळे खात्री वाटते.

यावर एक आक्षेप घेतला जाईल आणि तो हलका नाही. तानसा आणि भातसा धरणांचं पाणी मुंबईला जातं, आणि त्याच शहापूर तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहिली जाते. तिथे आधी नळ हवा की लेसर? नळच हवा, आणि तो ताबडतोब हवा. पण लेसरचा पैसा वाचवून नळ येत नाही. हे दोन वेगळ्या खात्यांचे, वेगळ्या आकाराचे खर्च आहेत, आणि परिषदेचं अनुदान पाणीयोजनेच्या तुलनेत अगदीच लहान असतं. शिवाय या तालुक्यांनी शहराला पाणी दिलं, मजूर दिले, मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीला जमीन दिली. विद्यापीठाला इथली मुलं परीक्षेची फी भरतात. त्यांच्या हक्काचं काही परत येणार असेल, तर ते फक्त टँकरच्या रूपात यावं असं मी मानणार नाही. पुढच्या वेळी प्रकाशशास्त्राच्या परिषदेचा प्रस्ताव विद्यापीठाच्या टेबलावर येईल, तेव्हा निमंत्रित वक्त्यांच्या यादीखाली कसारा आणि मुरबाडकडून येणाऱ्या मुलांच्या भाड्याची रक्कम लिहिलेली असावी, आणि ती नसेल तर प्रस्ताव परत पाठवावा.