वर्गणी देणाऱ्याचा हक्क कोठवर?

एखाद्या गांवानें वर्गणी करून विहीर खणविली, पाणीही गोड लागलें. परंतु पुढें खणणाऱ्यानेंच तेथें पहारा बसवून घागरीमागें रुपया मागितला, तर गांवानें काय म्हणावें? हा प्रश्न केवळ कल्पनेंतला नाहीं. अमेरिकेंतील कित्येक आईबापांपुढें तो खरोखरीच उभा राहिला.

सिस्टिक फायब्रोसिस नांवाचा एक दुर्मिळ आनुवंशिक रोग आहे. तो झालेल्या लेंकराचा घाम फार खारट असतो, आणि फुप्फुसांत चिकट कफ सांचून श्वास कोंडतो. आईबाप स्वतः धडधाकट असतात. परंतु त्या रोगाचा दोष दोघांच्याही अंगीं गुप्तपणें असला, तर प्रत्येक गर्भास चारांत एक या प्रमाणानें तो रोग होण्याचा संभव असतो. हा कोणाच्या पापाचा दंड नव्हे, कीं कोणाचा शापही नव्हे.

१९५५ सालीं अशीं मुलें शाळेंत जाण्याइतकीं क्वचितच जगत. त्या सालीं कांहीं आईबापांनीं मिळून एक संस्था स्थापिली व संशोधनासाठीं वर्गणी जमविण्यास आरंभ केला. १९८९ सालीं टोरंटो व मिशिगन येथील शास्त्रज्ञांनीं सदोष जनुक शोधून काढिलें. तथापि रोगी थोडे, म्हणून औषधें करणारे पुढें येईनात. तेव्हां संस्थेनें २००० सालापासून एका कंपनीस आपल्या निधींतून द्रव्य दिलें. ती कंपनी पुढें व्हर्टेक्स कंपनींत सामील झाली. संस्थेनें एकंदर सुमारें १५ कोटी डॉलर दिले, आणि २०१२ सालीं आयव्हाकाफ्टर हें औषध मंजूर झालें. रोगाच्या मूळ दोषावरच काम करणारें तें पहिलें औषध होय. परंतु तें शंभरांतील चारपांच रोग्यांसच लागू पडे. २०१९ सालीं मंजूर झालेलें संयुक्त औषध सुमारें नव्वद टक्के रोग्यांस उपयोगी ठरलें.

पण किंमत! २०१९ सालीं ती दर रोग्यामागें वर्षास सुमारें तीन लाख डॉलर होती. संस्थेनें विक्रीचा हिस्सा राखून ठेविला होता. किंमत ठरविण्याचा अधिकार मात्र तिच्या हातीं नव्हता. २०१४ सालीं तो हिस्सा विकून तिला ३३० कोटी डॉलर मिळाले. इकडे इंग्लंडांत याच कंपनीचें एक औषध २०१५ सालीं मान्य होऊनही किंमतीच्या वादामुळें २०१९ पर्यंत सरकारी आरोग्यसेवेंतून बहुतेकांस मिळालें नाहीं. औषध आहे हें ठाऊक असून आईबापांस वाट पाहावी लागली.

कोणी म्हणेल, कंपनीनेंही आपलें पुष्कळ द्रव्य धोक्यांत घातलें. नफ्याची आशा नसती तर औषधच झालें नसतें. हें म्हणणें खोटें नाहीं. संस्थेस मिळालेला पैसाही वायां गेला नाहीं. ज्यांस हीं औषधें लागू पडत नाहींत त्यांच्यासाठीं तिनें २०१९ सालीं ५० कोटी डॉलर खर्चण्याचा संकल्प केला. परंतु तो हिस्सा त्याच भारी किंमतींतून आला होता, हेंही विसरतां येत नाहीं.

माझें मत असें आहे: दान देणारा पैशावरची मालकी सोडितो, पण हेतु सोडीत नाहीं. त्या आईबापांनीं भागीदार होण्यासाठीं नव्हे, तर लेंकरांस श्वास घेतां यावा म्हणून दिलें. तो हेतु राखणें हें विश्वस्ताचें काम; आणि तें करण्याची वेळ पैसा हातीं असतांनाच असते, औषध तयार झाल्यावर नव्हे. शोध लागेल कीं नाहीं याची खात्री नसतां भाव कोण बोलेल, असें वाटणें स्वाभाविक आहे. तथापि जो तेव्हां बोलला नाहीं, त्याचें मागाहून कोण ऐकतो? म्हणून जे कोणी अशा कार्यास वर्गणी देतील किंवा गोळा करितील, त्यांनीं पहिली कुदळ पडण्यापूर्वीच लिहून घ्यावें, कीं या विहिरीचें पाणी कोणास व कोणत्या दरानें मिळेल.