अंगणावरचे पाणी

गेल्या वर्षी आमच्या शाळेची सहल इसापूरच्या धरणावर गेली होती. परत आल्यावर रिवाजाप्रमाणे मी सातवीच्या वर्गाला ‘आम्ही पाहिलेले सृष्टिसौंदर्य’ या विषयावर निबंध लिहावयास सांगितला. जवळजवळ प्रत्येक वहीत सूर्य पाण्यात सोने ओतून मावळला होता. (ते वाक्य मीच फळ्यावर लिहून दिले होते, तेव्हा तक्रार तरी कोणाकडे करणार?) एका मुलीची वही मात्र निराळी निघाली. तिने लिहिले होते : ‘पाणी फार छान होते. आम्ही होडीत बसलो. माझी आजी सोबत आली नाही. ती म्हणाली, आपल्याच अंगणावरून होडी फिरवायची मला हौस नाही.’

शेवटच्या दोन वाक्यांखाली मी लाल रेघ ओढली, समासात ‘विषयांतर’ असे लिहिले आणि दहापैकी चार गुण देऊन वही मिटली.

ती रेघ मी विसरूनही गेलो असतो. परंतु उन्हाळ्यात माझ्या भाच्याने इटलीहून एक फोटो पाठविला. तो म्युनिकला नोकरीस आहे आणि सुटी मिळाली की आल्प्सच्या बाजूला भटकतो. फोटोत निळेशार सरोवर, मागे बर्फाची शिखरे, हा पठ्ठ्या एका निमुळत्या नावेत वल्हे उंचावून बसलेला. आणि त्याच्या मागे, पाण्याच्या मधोमध, एका चर्चचा दगडी मनोरा उभा! खाली चर्च नाही, गाव नाही, नुसता मनोरा. ‘मामा, केवढे सुंदर आहे पाहा,’ एवढेच त्याने लिहिले होते.

हे रेझिया सरोवर. मूळची दोन लहान तळी होती. विजेसाठी बांध घातला, पाणी चढविले आणि १९५० साली कुरोन नावाचे गाव त्यात गेले. दीडशेवर घरे पाडली गेली. चौदाव्या शतकातला घंटामनोरा तेवढा राखला. आज उन्हाळ्यात तेथे नावा आणि शिडाच्या फळ्या फिरतात, हिवाळ्यात पाणी गोठले की लोक चालत मनोऱ्यापर्यंत जातात. कडाक्याच्या थंडीत त्या मनोऱ्यातून घंटानाद ऐकू येतो, अशी एक दंतकथाही आहे. गंमत अशी, की घंटा तर गाव बुडण्यापूर्वीच उतरवून नेल्या होत्या! तेव्हा प्रवासी जे ऐकतात ते काय असते कोण जाणे; पण काहीतरी ऐकू यावे असे त्यांना वाटते, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

फोटो पाहताना मला एकदम ती वही आठवली.

तसे पाहिले तर कुरोन आपल्याला परके नाही. उजनीच्या जलाशयात पळसदेवचे देऊळ आहेच. पाणी ओसरले की त्याचे शिखर वर येते आणि पुण्या-सोलापूरची मंडळी होड्या करून ते पाहावयास जातात. मुळशीला धरणाच्या विरोधात १९२१ साली शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला. त्यातूनच पांडुरंग महादेव बापट हे ‘सेनापती’ झाले. धरण व्हायचे ते झालेच, आणि आज त्याच काठावर पावसाळ्यात कणसे भाजून खाणाऱ्यांची गर्दी उसळते. आमचा यवतमाळ जिल्हा कोरडवाहू म्हणून प्रसिद्ध. तरी पूस, अरुणावती, बेंबळा अशी पाणी अडविलेली ठिकाणे येथेही आहेत. त्यांतले मोठे इसापूर. पैनगंगेवरचे हे मातीचे धरण १९८२ मध्ये पुरे झाले. त्या नदीच्या एका काठाला यवतमाळ, दुसऱ्या काठाला तेव्हाचा परभणी आणि आताचा हिंगोली जिल्हा. संध्याकाळी बांधावर उभे राहिले, की समुद्र न पाहिलेल्या आमच्या पोरांचे डोळे विस्फारतात. माझेही विस्फारले होते. खोटे कशाला बोलू?

प्रश्न आहे तो येथेच. ज्या पाण्याखाली कोणाची चूल विझली, ते पाणी सुंदर म्हणावे की नाही?

कांट नावाच्या जर्मन तत्त्ववेत्त्याने १७९० साली सौंदर्यविचारावर जो ग्रंथ लिहिला, त्यात एका राजवाड्याचे उदाहरण आहे. हा वाडा सुंदर आहे काय, असे विचारले असता, ‘थोरामोठ्यांच्या डौलासाठी येथे लोकांचा घाम गाळला आहे’ असे कोणी म्हणू शकेल. ते खरेही असेल, कांट म्हणतो. पण विचारलेल्या प्रश्नाचे ते उत्तर नव्हे. सौंदर्याचा निवाडा देताना माणसाने आपले हितसंबंध बाजूला ठेवावेत. म्हणजे कांटसाहेबांनीही त्या मुलीच्या वहीत ‘विषयांतर’ असाच शेरा मारला असता! एवढा मोठा साक्षीदार आपल्या बाजूचा निघाल्यावर मला बरे वाटावयास हवे होते. वाटले नाही.

कारण राजवाड्यात ज्याचा घाम गळला तो मजूर संध्याकाळी आपल्या घरी तरी जात असेल. येथे घरच पाण्याच्या तळाशी आहे. मी वर पाहतो ते ऊन, लाटा, बगळे. आजी पाहते त्यात हे सारे असतेच, शिवाय खाली अंगण असते, तुळस असते, विहिरीची वाट असते. तिचे पाहणे स्वार्थाने आंधळे झाले आहे असे मी म्हणू लागलो, तर अधिक पाहणाऱ्याला आंधळा आणि कमी पाहणाऱ्याला रसिक म्हणावे लागेल. हे मला पटत नाही.

मग सहली बंद कराव्यात? तेही पटत नाही. त्याच पाण्यावर उमरखेडपासून नांदेडपर्यंत शेते भिजतात. त्या भागातला गहू माझ्या घरी येतो आणि त्याच्या पोळ्या मी खंत न करता खातो. आम्ही न गेलो तर होडीवाल्याची चार पैशांची मिळकत बुडेल. बुडालेले गाव काही वर येणार नाही. डोळे मिटून घेणे हे प्रायश्चित्त नव्हे, तो दुसऱ्या प्रकारचा आळस आहे. विस्थापितांच्या पुनर्वसनासाठी महाराष्ट्राने १९७६ साली कायदा केला. जमीन, घर, नुकसानभरपाई यांचे हिशेब कागदावर मांडता येतात. पण हे पाणी पाहून मला जो आनंद झाला, त्याचे देणे कोणत्या रकान्यात लिहावे?

आणि मी तर कादंबऱ्या लिहिणारा माणूस. एखाद्या कादंबरीत अशीच आजी मी घातली असती, वाचकांनी डोळे पुसले असते. वर्गात मात्र ती खरोखरीची समोर आली, तेव्हा मला ती विषयाबाहेरची वाटली. हे जास्त बोचते.

शेवटी दिवाळीच्या सुटीच्या आदल्या दिवशी ती वही घेऊन मी मुलीच्या घरी गेलो. पुनर्वसनाची वसाहत, सरळ गल्ल्या, एकसारखी घरे. आजी ओसरीवर शेंगा फोडीत बसली होती. लाल रेघ मी खोडली, चाराचे आठ केले आणि माझी चूक झाली असे नातीला तिच्यादेखत सांगितले. आजीला त्यात फारसे स्वारस्य दिसले नाही. अक्षरओळख नसल्याने रेघेचा अर्थ तिला लागला नसेल, किंवा लागूनही तिला त्याची मातब्बरी वाटली नसेल. तिने मूठभर शेंगा माझ्यापुढे सारल्या आणि विचारले,

“गुर्जी, तुम्ही पोरायले घेऊन गेलते तवा पानी कुठलोक होतं जी? मातामायचा ओटा उघडा पडला होता का?”

मला सांगता येईना. मी तिकडे पाहिलेच नव्हते.

“डाव्या अंगाले, टेकडीच्या पायथ्याशी,” ती म्हणाली. “या खेपेले जाल तर पाहून या.”