आधी खिसे रिकामे

कळंबोलीच्या लोखंड बाजारात सळया लादलेले ट्रक उभे असतात. सळया उतरताना होणारा खणखणाट कानात बराच वेळ राहतो. तिथून जवळच, नवीन पनवेलला, भारतीय भूचुंबकत्व संस्था आहे. या शेजाराची मला गंमत वाटते, कारण पृथ्वीचं चुंबकत्व मोजणाऱ्याला सगळ्यात जास्त जपावं लागतं ते लोखंडापासूनच.

या संस्थेची मुळं कुलाब्याच्या वेधशाळेत. तिथे १८४१ पासून चुंबकीय नोंदी होत होत्या. पुढे मुंबईत विजेवर ट्राम धावणार असं ठरलं, आणि त्या विजेने नोंदी बिघडणार हे उघड होतं. ट्राम काही थांबणार नव्हत्या. मग १९०४ साली चुंबकीय नोंदींनीच अलिबागला बस्तान हलवलं. तिथली इमारत पोरबंदरी दगडात बांधली आणि बांधकामात लोखंड कटाक्षाने टाळलं.

जमिनीखालचा धातू शोधणाऱ्यांनाही हेच पथ्य पाळावं लागतं. आपल्या राज्याचा बहुतेक भाग लाव्हाच्या काळ्या कातळाने झाकलेला आहे. नागपूरच्या पूर्वेला तो संपतो आणि अब्जावधी वर्षांचा जुना खडक वर येतो. भंडाऱ्यात चिखला आणि डोंगरी बुजुर्गला मँगनीज, गडचिरोलीत सुरजागडला लोखंड, चंद्रपूरकडे ठाणेवासनाला तांबं, सगळं त्या जुन्या खडकातलं. काही धातू प्राचीन समुद्रतळावर गाळासारखे बसले, काही भेगांमधून चढलेल्या तप्त पाण्याबरोबर आले. पण वर माती असते, धानाची शेतं असतात. जिथे खडक उघडा आहे तिथे भूवैज्ञानिक तो वाचतो. जिथे झाकलेला आहे तिथे भूभौतिकीची यंत्रं लागतात. जड खनिज गुरुत्वाकर्षणाच्या मोजणीत किंचित कळतं, चुंबकीय खडक चुंबकमापकावर.

हा चुंबकमापक घेऊन निघणारा माणूस आधी खिसे रिकामे करतो. किल्ल्या, मोबाईल, घड्याळ, बकल असलेला पट्टा, सगळं बाजूला. मग दांड्यावरचा संवेदक उंच धरून बांधाबांधाने चालतो, ठरावीक अंतरावर थांबतो, आकडा टिपतो. पृथ्वीचं क्षेत्र आपल्याकडे ४०,००० नॅनोटेस्लांहून जास्त, आणि खालच्या खडकाची खूण कधी त्यातल्या जेमतेम पन्नास-शंभरांची. जवळ राहिलेली एखादी लोखंडी वस्तूही ती पुसू शकते.

तेवढ्यानेही भागत नाही. सूर्यामुळे हे क्षेत्र दिवसभर थोडं वरखाली होतं. म्हणून दुसरं यंत्र एकाच जागी ठेवून दिलेलं असतं. ते फक्त दिवसाची चढउतार नोंदवतं, आणि ती नंतर वजा करायची. उरेल ते जमिनीचं. त्यावरही लगेच भरवसा नाही. खूण विहिरीवरच्या पंपाचीही असू शकते. खात्री होते ती शेवटी भोक पाडून वर काढलेल्या खडकावरून.

मला वाटतं, माणसांचा अंदाज घेताना आपण एवढीही काळजी घेत नाही. काल कुणाचं बोलणं लागलं. माझ्या मनातला काटा खरंच त्याच्यामुळे हलला, की माझ्याच खिशात सकाळपासून काही खुळखुळत होतं? आणि दिवसच तसा होता, लोकल चुकलेली, डोकं तापलेलं, ते मी वजा केलं का?

लोखंड वाईट नाही. कळंबोलीच्या सळयांवर आपली घरं उभी आहेत. तो सर्वेक्षकही संध्याकाळी किल्ल्या परत खिशात टाकतो, खोलीचं कुलूप त्यांनीच उघडायचं असतं. मोजताना तेवढ्या दूर ठेवायच्या.